कवीचा दिनक्रम

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. या दोघांच्या पंगतीला कवीचा दिनक्रमही रसिकांनी केव्हाच बसवून टाकला आहे. कवी सकाळी किती वाजता उठतो, घरभाडे वेळच्या वेळी देतो की नाही, धोब्याची बाकी त्याच्याकडे किती तुंबली आहे, या चौकशा सुसंस्कृत वाचकाने करू नयेत. कविता वाचावी आणि पुस्तक मिटावे, असे आमचे गुरुजन सांगत. पुढे आम्ही स्वतः अध्यापक झालो, तेव्हा तोच उपदेश आम्ही वर्गातील मुलांस करू लागलो. छापील कवितेपुरता हा दंडक पाळणे फारसे कठीण नसते. कवी बहुधा दूर कोठे तरी असतो, आणि पुष्कळदा तो या जगातही नसतो. परंतु ज्या काव्यप्रकारात कवी आपल्या दृष्टीसमोर उभा राहून स्वतःच्या घरातील गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतो, तेथे हा दंडक पाळावा तरी कसा? त्याने आपणच दार उघडलेले असते. मग घरात डोकावण्यात गैर ते काय?

हा काव्यप्रकार म्हणजे ‘स्लॅम’ होय. त्याचा जन्म कोणत्याही विद्यापीठात झाला नाही, ही गोष्ट माझ्यासारख्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने आरंभीच मान्य केलेली बरी. अमेरिकेतील शिकागो शहरी मार्क स्मिथ नावाचा, बांधकामावर राबणारा एक कवी राहत असे. आपल्याकडील काय आणि त्यांच्याकडील काय, कवितावाचनाच्या सभांमध्ये कवी खाली मान घालून वाचीत असतो आणि श्रोते वर मान करून घड्याळाकडे पाहत असतात. हे दृश्य स्मिथला असह्य झाले. 1984 च्या सुमारास त्याने एका लहानशा मद्यगृहात आपल्या पद्धतीचे कवितावाचन सुरू केले आणि 1986 च्या जुलै महिन्यापासून ‘ग्रीन मिल’ या जॅझ संगीताच्या जुन्या मद्यगृहात त्याच्या रविवारच्या बैठकी रंगू लागल्या. दारूबंदीच्या काळात अल कपोनच्या टोळीतील मंडळींची जेथे ऊठबस असे, ते हेच मद्यगृह. सरस्वतीने बसावयास जागा कोणती निवडावी, याला काही नियम नाही, हेच खरे.

स्लॅमचे नियम मात्र कडक आहेत. कवीने स्वतःचीच कविता म्हणावयाची आणि ती तीन मिनिटांत संपवावयाची. वर दहा सेकंदांची सवलत असते; तीही ओलांडली, तर पुढील दर दहा सेकंदांना अर्धा गुण कापला जातो. वाद्य नको, वेषभूषा नको, हातात कसलीही वस्तू नको. प्रेक्षकांतूनच पाच परीक्षक निवडावयाचे. त्यांनी काव्यशास्त्राचे नावही ऐकलेले नसले तरी चालते. प्रत्येकाने शून्यापासून दहापर्यंत, हवे तर दशांशाच्या हिशेबाने, गुण द्यावयाचे. त्यांतील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा टाकून देऊन उरलेल्या तिहींची बेरीज केली, की कवितेची किंमत ठरली. तीस ही त्या किमतीची परमावधी. आरंभी एक कवी स्पर्धेबाहेर राहून कविता म्हणतो, ती केवळ परीक्षकांचा हात बसावा म्हणून. त्याला त्या मंडळींत ‘बळीचा कवी’ म्हणतात. परीक्षेस बसणाऱ्यांपैकी कोणाची कीव करावी असा प्रश्न पडला, तर मी या बळीच्या कवीची करीन. कारण त्याला नापासही होता येत नाही.

पुढे हा खेळ शिकागोपुरता राहिला नाही. न्यूयॉर्कमध्ये मिगेल अल्गारीन या कवीच्या दिवाणखान्यात 1973 च्या सुमारास ज्याचा आरंभ झाला, त्या ‘न्युयोरिकन पोएट्स कॅफे’ने त्याला आपल्या छत्राखाली घेतले. हा अल्गारीन रटगर्स विद्यापीठात शेक्सपिअर शिकवीत असे, हे वाचून मला व्यवसायबंधूच्या नात्याने अभिमान वाटला. 1990 साली सॅन फ्रान्सिस्को येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. विद्वानांनी कपाळाला आठ्या घातल्या, हे ओघानेच आले. हॅरॉल्ड ब्लूम यांच्यासारख्या थोर समीक्षकाने 2000 साली या प्रकारात कलेचा मृत्यू पाहिला. त्या वादात मला आज शिरावयाचे नाही. ज्या मराठी माणसाने कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकले आहेत आणि 1923 साली निघालेल्या रविकिरण मंडळाच्या काव्यगायनाला पुढे केवढी गर्दी लोटत असे हे वाचले आहे, त्याला कवितेने चारचौघांत उभे राहून दाद मागावी, यात अब्रह्मण्यम् असे काही वाटावयाचे कारण नाही.

मला जो प्रश्न पडतो तो वेगळा आहे. छापील कवितेतील ‘मी’ हा मुखवटा असू शकतो, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवितो. रंगमंचावरील ‘मी’ला मुखवटा चढवणे जड जाते. त्याचा वर्ण, त्याचे वय, त्याच्या उच्चारातील गाव, त्याच्या हाताचा कंप, हे सारे श्रोत्याला दिसत असते. आणि ‘माझी आई’ असे शब्द त्याच्या तोंडून निघाले, की त्या आईच्या खरेपणाविषयी कोणी शंका घेत नाही. किंबहुना या खरेपणालाच पुष्कळदा गुण पडतात. त्यामुळे स्लॅमकवीचे भांडवल म्हणजे त्याचे स्वतःचे आयुष्य. बापाचे दारूपान, भावाचे आजारपण, आजीचे एकटेपण ही त्याची पुंजी. आणि या पुंजीत त्याचे भागीदार असलेली ती माणसे बहुधा घरीच बसलेली असतात. कवीला तीन मिनिटे मिळतात; ज्यांच्याविषयी कविता आहे, त्यांना अर्धे मिनिटही मिळत नाही.

म्हणून या कवींच्या दैनंदिन आयुष्याची कोणी नोंद करावयास निघाले, तर त्यास रिकामपणची कामगिरी म्हणून मी हसणार नाही. त्यांचा दिवस असतो तरी कसा? कवितेवर पोट भरणारे त्यांच्यात थोडे. कोणी शाळेत शिकवितो, कोणी उपाहारगृहात कपबशा उचलतो, कोणी दुकानाच्या गल्ल्यावर उभी असते. कविता पाठ करण्याची वेळ म्हणजे कामावर जाण्या-येण्याची वेळ. शिकागोत खांबांवरून धावणारी जी आगगाडी आहे, तीत ओठ हलवीत, बोटांनी मांडीवर ताल धरून बसलेला तरुण मी पाहिला आहे. आपल्याकडे अशा माणसाला रामरक्षा म्हणणारा समजून कोणी जागाही करून दिली असती. दौऱ्यावर निघाले, की चौघांनी मिळून एक मोटार करावयाची, रात्री ओळखीच्या कोणाच्या तरी दिवाणखान्यात, कोचावर किंवा जमिनीवर, पथारी टाकावयाची, आणि यंत्रावर प्रती काढून घरीच टाचलेल्या कवितांच्या पातळ पुस्तिका कार्यक्रम संपल्यावर दाराशी उभे राहून विकावयाच्या. तीन मिनिटांच्या मागे असे कित्येक तास उभे असतात, आणि त्या तासांना टाळ्या नसतात.

या आयुष्यावर अनुबोधपट निघाले आहेत. 1996 साली पोर्टलंड येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेवरचा पॉल डेव्हलिन यांचा ‘स्लॅमनेशन’ 1998 साली लोकांपुढे आला. त्यात रस आहे तो चढाओढीचा. कोणता संघ कोणावर मात करतो, कोण कोणता डाव टाकतो, याचा. ‘लाउडर दॅन अ बॉम्ब’ हा 2010 सालचा बोलपट मला अधिक जवळचा वाटला. 2001 पासून शिकागोत शाळकरी मुलांचा याच नावाचा काव्योत्सव भरू लागला होता. ग्रेग जेकब्स आणि जॉन सिस्केल यांनी 2008 सालच्या उत्सवाची तयारी करणाऱ्या चार शाळांच्या मागे कॅमेरा लावला, तो केवळ रंगमंचापाशी थांबला नाही. तो मुलांच्या घरी गेला. एका मुलीची कविता तिच्या आजारी धाकट्या भावाविषयी आहे. कविता ऐकताना डोळे भरून येतात, हे खरे. पण ती मुलगी त्या भावाबरोबर घरात वावरताना दिसते, तेव्हा कवितेला लागलेली किंमत कळते. ती किंमत तीसांच्या आत बसणारी नव्हे.

साहित्याच्या इतिहासात या कामाला मोठी परंपरा आहे, आणि ती बहुतांशी स्त्रियांनी चालविली आहे. वर्डस्वर्थची बहीण डोरोथी 1800 पासून 1803 पर्यंत ग्रासमिअरच्या घरी रोजनिशी लिहीत असे. आज पाव भाजला, आज कपडे धुतले, आज डोके दुखले, दाराशी एक भिकारीण आली होती, असा तिचा मजकूर. 1802 सालच्या एप्रिलच्या 15 तारखेस भाऊबहीण अल्सवॉटर सरोवराच्या काठाने चालत असता त्यांना डॅफोडिलची फुले दिसली. डोरोथीने ती आपल्या वहीत टिपून ठेवली. दोन वर्षांनी भावाने त्या फुलांवर जी कविता केली ती जगातील शाळाशाळांतून मुले पाठ करतात. आणि त्या कवितेत कवी एकटाच हिंडत असतो! बहीण कवितेत मावली नाही. तिची रोजनिशी मागे राहिली म्हणून आपल्याला कळले, की त्या दिवशी सरोवराच्या काठी दोन माणसे होती. ती रोजनिशी तिच्या हयातीत छापलीही गेली नाही.

आपल्या भाषेत हेच काम लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रां’त केले. रेव्हरंड टिळकांची कविता वाचून त्यांच्या भक्तीपुढे मस्तक नमते. पण 1895 साली त्यांनी धर्मांतर केले, तेव्हा मागे राहिलेल्या बाईच्या घरात काय झाले, हे त्यांच्या कवितेवरून कळावयाचे नाही. ते कळते बायकोच्या गद्यावरून. आणि नवल असे, की ते वाचून टिळक आपल्या दृष्टीने लहान होत नाहीत. ते तऱ्हेवाईक ठरतात, कधी कठोर ठरतात, पण आपल्या अधिक ओळखीचे होतात. कवीचा दिनक्रम लिहिणाराला त्याचे पाय मातीचे दाखवावयाचे नसतात. त्या पायांबरोबर आणखी कोणाची पावले उमटली होती, एवढेच त्याने दाखवावे.

हे मी पुस्तकांच्या आधाराने म्हणत आलो होतो. काही वर्षांपूर्वी त्याचा पडताळा मला अगदी घरात आला. माझी थोरली बहीण, आम्ही सारे तिला अक्का म्हणतो, शिकागोच्या एका उपनगरात आपल्या मुलाकडे असते. तेथे मी रजेचे चार महिने काढले. अक्काची नात त्या वेळी सोळा वर्षांची होती आणि शाळेच्या स्लॅमसंघात होती. मला रोजनिशी लिहिण्याची जुनी खोड आहे. नातीच्या संघातील मुले काय करतात, केव्हा पाठ करतात, काय खातात, कोणाचे कोणाशी बिनसते, हे मी मोठ्या हौसेने टिपू लागलो, आणि त्या ओघात घरातल्या माणसांचाही दिनक्रम वहीत उतरू लागला.

मुलीने आजीवर कविता केली होती. तीत एक म्हातारी बर्फाकडे तोंड करून खिडकीशी तासन् तास बसते आणि त्या पांढऱ्या अंगणात वाईचा घाट शोधते, असे चित्र होते. मुलीने ती फार चांगली म्हटली. शेवटी आवाज खाली आणून ती थांबली, तेव्हा सभागृहात क्षणभर कोणी हलले नाही, आणि मग बोटांच्या चुटक्यांचा पाऊस पडला. तिकडे टाळीच्या जोडीला ही दाद असते. सत्तावीस आणि दशांश चार गुण पडले. परतताना मोटारीत मी तिला विचारले, “आजीला म्हणून दाखवलीस का गं?”

“नाही, आजोबा. तिला इंग्रजी सगळं समजणार नाही,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर पाहत, तिने जोडून दिले, “आणि समजलं तर तिला वाईट वाटेल.”

दोन दिवस ती अस्वस्थ होती. तिसऱ्या दिवशी, रात्रीची जेवणे झाल्यावर, ती आपण होऊन अक्काच्या पायाशी जाऊन बसली आणि अडखळत, मोडक्यातोडक्या मराठीत, एकेक ओळ समजावून सांगू लागली. अक्का वाती वळीत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“गुण किती पडले म्हणालीस?”

“सत्तावीस पॉइंट चार. तीसांपैकी.”

“बरे पडले की. तुझ्या बापाला गणितात कधी एवढे पडले नाहीत.” मग वात बाजूला ठेवून ती म्हणाली, “पण बाई, मी वाईची आठवण काढीत खिडकीत बसते, हे तुला सांगितलं कुणी? तुझी पिवळी गाडी वळणावर दिसते का, ते बघत असते मी. गाडी दिसली की दूध तापत ठेवते. तू आत येतेस तेव्हा पेला तयार असतो ना?”

मुलगी काही बोलली नाही. पेला रोज तयार असे. तो कोण आणि केव्हा तयार करते, याचा विचार करण्याचे तिचे वय नव्हते. माझ्या वहीत मात्र दोन्ही गोष्टी एकीखाली एक लिहिलेल्या होत्या: साडेतीनला अक्का खिडकीशी, पावणेचारला दूध. वहीने त्यांचा अर्थ लावला नव्हता. अर्थ लावण्याची घाई कवितेला असते, कारण तिच्याजवळ तीनच मिनिटे असतात. वहीला घाई नसते, आणि म्हणून कधीकधी सत्य तिच्यात अधिक सुरक्षित राहते.

त्या आठवड्यात मुलीने कविता पुन्हा लिहिली. वाईचा घाट तिने ठेवला, कारण अक्काला वाईची आठवण येत नाही असेही नव्हते. पण शेवटी पिवळी गाडी आली आणि दूध उतू गेले. महिनाभराने दुसऱ्या एका शाळेत तिने हा नवा पाठ म्हटला, तेव्हा सव्वीस आणि दशांश एक एवढेच गुण पडले. विरह ऐकावयास जमलेल्या परक्या माणसांना दूध तापवणारी म्हातारी थोडी फिकी वाटली असेल. संघातील मुलांनी जुनाच शेवट बरा होता म्हणून आग्रह धरला. गुणांची बेरीज सर्व संघाची असते, तेव्हा त्यांचेही चुकले नाही. तिने मात्र जुना शेवट पुन्हा म्हटला नाही. त्यापायी संघाशी तिचे काही दिवस बिनसलेही. हा त्याग लहान आहे की मोठा, हे ठरवावयास मी परीक्षक नव्हे. परंतु सोळाव्या वर्षी एक गुण आणि मैत्रिणींची मर्जी यांची किंमत केवढी असते, हे तीस वर्षे मुलांत वावरलेल्या माणसाला ठाऊक असते.

आज स्लॅमकवींची तीन मिनिटे जपून ठेवण्याची सोय पुष्कळ झाली आहे. दूरदर्शनच्या पडद्यावर 2002 ते 2007 या काळात ‘डेफ पोएट्री’ने ती घराघरांत नेली. पुढे ‘बटन पोएट्री’सारख्या संस्थांनी त्यांचे चित्रमुद्रण करून ती साऱ्या जगापुढे ठेवली, हवा तो कवी हव्या त्या वेळी, हवा तितक्या वेळा आपल्यासमोर रडू शकतो. राष्ट्रीय स्पर्धा चालविणारी मूळ संस्था 2018 साली बंद पडली, तरी ही मुद्रिते राहिली. मला भीती वाटते ती याच टिकाऊपणाची. घाटाकडे पाहणारी म्हातारी एकदा मुद्रित झाली, की ती कायमची खिडकीत बसली. गाडीची वाट पाहणारी अक्का कोणी लिहून ठेवली नाही, तर ती अक्काबरोबरच जावयाची.

म्हणून या कवींचा दिनक्रम जे कोणी लिहू पाहतील, त्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी रंगमंचावरील दिव्यांचे वर्णन थोडक्यात आटोपावे. कार्यक्रमाच्या रात्री कवीचे मूल कोण सांभाळते, मोटारीच्या तेलाचे पैसे कोण भरते, पाठांतर ऐकून ऐकून कंटाळलेला भाऊ शेजारच्या खोलीत काय करतो, कवितेत जिचे नाव आले तिला ती कविता कोणी ऐकविली की नाही, हे त्यांनी वेळ घालून, विशेषणे न लावता टिपावे. कवीच्या शब्दावर अविश्वास दाखविण्यासाठी हे करावयाचे नाही. त्याने तीन मिनिटांत जे सांगितले ते त्याच्यापुरते खरेच असते. फक्त त्या घरात तेवढेच खरे नसते. कवितेला गुण द्यावयास पाच अनोळखी माणसे पुरतात. कवीचा दिवस कसा गेला हे सांगावयास मात्र त्याच्या घरात ऊठबस असलेले कोणी तरी लागते, आणि त्याच्यापाशी एक वही असावी लागते.